अनुमोदक केराबाई

माझं अक्षर चांगलं आहे, सगळी भानगड तिथून सुरू होते. कोंबडीच्या पायासारखं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिली कारणे दाखवा नोटीसही पदरात पडली नसती.

मी जुलेखा नदाफ. माणदुर्ग पंचायत समितीत वरिष्ठ सहाय्यक. राहते सोलापुरात, सात रस्त्याच्या मागं. नवऱ्याचं, कासीमचं, गाद्यांचं दुकान तिथंच आहे. रोज पावणेआठची एसटी पकडायची, दोन तास हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि माणदुर्गला उतरायचं. सांगोल्याच्या अंगाचा तालुका. डाळिंब, मेंढरं आणि उन्हाळ्यात टँकर. बाकी काय असेल तर भाषणं.

गावाला ग्रामपंचायत असते, जिल्ह्याला जिल्हा परिषद, आणि मधे आम्ही, पंचायत समिती. मधल्या सुनेसारखी आमची गत. खालचे म्हणतात वर सांगा, वरचे म्हणतात खालून ठराव आणा. शाळा, दवाखाने, रस्ते, सगळ्याचा शेवटचा शिक्का सोलापूरचा. आमच्या हातात काय, तर शिफारस. पण गंमत बघा, त्या शिफारशीच्या कागदाशिवाय सोलापुरात पान हलत नाही. आणि तो कागद निघतो इतिवृत्ताच्या वहीतून, म्हणजे माझ्या हातातून. साहेब बदलतात, सभापती बदलतात, वही आणि नदाफबाई जागच्या जागी.

मासिक सभा झाली की कोण काय बोललं ते मी वहीत लिहिते. प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात. ठराव मांडणारा तो सूचक, आणि 'माझा पाठिंबा आहे' म्हणणारा तो अनुमोदक. दोन नावं असल्याशिवाय ठराव उभा राहत नाही. शेवटी एक मथळा असतो, 'माननीय सभापतींच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ऐनवेळी म्हणजे सभा चालू असताना अचानक निघालेले. आमच्याकडं ते सभा संपल्यावर निघायचे. त्या मथळ्याखाली मी तीन पानं कोरी सोडायची. चार-पाच दिवसांनी सभापतींच्या केबिनमधून चिठ्ठी यायची, 'बाई, एवढा ठराव बसवा'. मी बसवायची. सूचक, अनुमोदकाची नावं कुणाची घालायची ते चिठ्ठीत कधीच नसायचं. तो प्रश्न माझ्यावर सोडलेला.

मधली चार वर्षं निवडणुकाच नव्हत्या, प्रशासक होते. साहेबच सभा, साहेबच ठराव, नावांची कटकट नाही. यंदा निवडणूक झाली, आठ सदस्य आले आणि कोऱ्या पानांची पद्धत जुन्या पाहुण्यासारखी न बोलावता परत आली. मी कधी 'नाही' म्हटलं का? नाही. उलट मला वाटायचं, मी किती नीट वागते! नावं मी सगळ्यांत सारखी वाटायची. कुणाला जास्त नको, कुणाला कमी नको. हजेरीचं पान उघडायचं, कुणाच्या नावावर ठराव नाही ते बघायचं आणि त्याचं नाव घालायचं. दर्ग्यात शिरनी वाटल्यासारखं. याची मला लाज वाटायची सोडून अभिमान वाटायचा, काय सांगू!

तर आठांपैकी एक केराबाई मेटकरी. मेटकरवाडीच्या गणातून, म्हणजे मतदारसंघातून, निवडून आलेली. पन्नाशीची बाई, घरी दीडशे मेंढरं. सही करायला शिकली होती, पण पेन इतका दाबून धरायची की तिचं नाव खालच्या दोन पानांवर उमटायचं. मी म्हणायची, "केराक्का, वहीला भोक पडंल." ती म्हणायची, "पडू दे की. दिसाय तर पायजे." सभेत ती बोलायची नाही. भिंतीकडच्या खुर्चीत बसायची आणि जो बोलेल त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची, डोळे न हलवता. मला वाटलं बिचारीला काही कळत नाही. बिचारी मी होते, पण ते पुढं.

तिसऱ्या सभेनंतर चिठ्ठी आली. 'मेटकरवाडी येथील पशुवैद्यकीय दवाखाना मौजे पिंपळकोठे येथे स्थलांतरित करणेबाबत जिल्हा परिषदेकडे शिफारस.' पिंपळकोठे म्हणजे सभापती महिपती आबांचं गाव. आबा माणूस वाईट नव्हे. त्यांच्या गावात हजारभर गाई, दुधाचं संकलन, दवाखान्याजोगी इमारत बांधून तयार. मेटकरवाडीचा दवाखाना भाड्याच्या एका खोलीत. त्यांना मनापासून वाटत होतं की दवाखाना आपल्या गावी शोभेल. फक्त चारचौघांत मांडायचा त्यांना कंटाळा होता.

सूचक म्हणून शिवप्पांचं नाव घातलं, ते आबांचा उजवा हात. अनुमोदकासाठी हजेरीचं पान उघडलं. सात जणांच्या नावावर काही ना काही होतं. केराबाईच्या नावावर काहीच नाही. खरं सांगते, मला तिची कणव आली. तीन सभा झाल्या, बाईचं नाव दप्तरात कुठंच नाही. उद्या कुणी विचारलं की केराबाईनं काय केलं, तर एक ओळ तरी सापडावी! आणि मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'ठराव क्रमांक ३१. अनुमोदक : सौ. केराबाई बिरप्पा मेटकरी.' गावाचं नाव वर दोन ओळींवर होतं. माझ्या डोळ्यांपुढून गेलं, डोक्यात शिरलं नाही. मी नाव भरत होते, ठराव वाचत नव्हते.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी, केराबाई ऑफिसात आली. नेहमी आली की आधी माठाकडं जायची, त्या दिवशी सरळ माझ्या टेबलापाशी आली. हातात घडी घातलेली झेरॉक्स. टेबलावर पसरली आणि त्यावर बोट ठेवलं. बोट बरोबर ठरावावर होतं, कुणीतरी तिला दाखवून दिलं असणार.

"बाई, हितं माजं नाव कुणी लिवलं?"

अक्षर माझं, ते झेरॉक्समध्येसुद्धा ओळखू येत होतं.

झालं असं होतं की शिफारस सोलापूरला पोचली, तिथून दवाखान्यात पत्र आलं की सामानाची यादी करा, लसीच्या फ्रीजसकट. दवाखान्याच्या कुमार डॉक्टरांनी ते सरपंचाला दाखवलं, सरपंचानं ठरावाची नक्कल मागवली आणि बिरोबाच्या देवळापुढं सगळ्यांना वाचून दाखवली. सूचक शिवप्पा. अनुमोदक आपलीच केराबाई.

"टँकरला गेले तर बायकांनी घागरी उचलल्या नि बाजूला झाल्या," ती म्हणाली. "माजी सक्की जाऊ म्हनली, कितीला इकलास गं दवाखाना? आन घरात तर काय... बिरप्पा चार दिस झालं माज्या हातचं जेवत न्हाय. तीस वर्सं झाली लग्नाला. म्या काय बोलले बाई त्या सभंत? तुमी तर हुतासा. म्या बोलले का कायतरी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी म्हणायला हवं होतं, मी लिहिलं. दोन शब्द. पण माझ्या तोंडून काय निघालं? "अशी पद्धत असते, केराक्का. कुणाचं तरी नाव लागतंच."

तिनं माझ्याकडं बघितलं, सभेत बघायची तसं, डोळे न हलवता. मग हळूच म्हणाली, "मेंढरू सकाळी चरतंय आन दुपारी पाय झाडतंय, बाई. लस येळंवर टोचली न्हाय तर मेंढरांचा अख्खा वाडा झोपतो. पिंपळकोठं सतरा किलोमीटर हाय. खांद्यावर न्हेस्तवर ते खांद्यावरच मरतंय. मला ह्या खुर्चीवर लोकांनी कशापायी बसवलं? त्यो दवाखाना ऱ्हावा म्हनून. दुसरं कायबी मागितलं न्हवतं कुनी."

मला रडू यायला हवं होतं, आला राग. तिच्यावर नाही, स्वतःवर, पण निघाला तिच्यावरच. "मग सभेत गप्प का बसता?" मी ओरडलेच. "पुढच्या सभेत पहिला विषय काय असतो ठाऊक आहे का? मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. दर वेळी असतो. ते कायम होईपर्यंत सगळं कच्चं. तोवर कुणीही सदस्य उठून म्हणू शकतो, हे मी बोलले नाही, दुरुस्त करा. एकदा कायम झालं की मग ब्रह्मदेव आला तरी नाही. सोलापूरवाल्यांनी कायम झालेल्या इतिवृत्ताचा उतारा मागवलाय, त्याशिवाय त्यांच्या पशुसंवर्धन समितीपुढं विषय जात नाही. तुमच्या हातात सोमवारपर्यंतचा वेळ आहे. आता मला कामं आहेत."

ती झेरॉक्सची घडी घालत म्हणाली, "वाचून कायम?"

"हो. कागदावर वाचून. खरं कोण वाचतंय! साहेब विचारतात 'कायम?', सगळे बाकावर थाप मारतात, झालं."

ती गेली. जाताना 'येते बाई' म्हणाली, ते मला जास्त लागलं.

रविवारी दुपारी दुकानात कासीम गादी टाचत होता. मी डबा घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. तो सुई थांबवत नाही कधी, ऐकतो तोही टाके घालत. शेवटी म्हणाला, "तेरेकू लिखने कू कौन बोला?"

"सभापती. चिठ्ठी आयी थी."

"चिठ्ठी में उस औरत का नाम था क्या?"

मी डब्याचं झाकण उघडलं.

"नै था ना? फिर आबा का नाम कायकू लेती? आबा ने दवाखाना मंगा. नाम तो तूने डाला." मग दोरा दातानं तोडला आणि डबा पुढं ओढला. "भाजी में मीठ कम है."

सत्तावीस वर्षं झाली मला नोकरीला, आणि चार वर्षांत रिटायर व्हायचंय. आरजूचं, माझ्या मुलीचं, शिक्षण अजून चाललंय. हे सगळं मी मनात दहा वेळा म्हणून बघितलं. एकदाही ते पुरेसं वाटलं नाही.

सोमवारी सभेला हॉल भरलेला. आठ सदस्य, खातेप्रमुख, आणि बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी साहेब. साहेब नवीन, तरुण, कायद्याचं पुस्तक जवळ बाळगणारे. व्हरांड्यात खिडक्यांपाशी मेटकरवाडीची पंधरा-वीस माणसं उभी होती. पिवळ्या फेट्यातला उंच माणूस बिरप्पा असणार हे मी ओळखलं, कारण तो केराबाईकडं सोडून सगळीकडं बघत होता.

साहेबांनी विषयपत्रिका उघडली. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कायम?"

बाकांवर थापा पडल्या. "कायम, कायम."

"थांबा," केराबाई उठली. "वाचा की."

आधी कुणाला कळलंच नाही. आबा हसून म्हणाले, "आक्का, सगळ्यांना कॉपी दिलीय घरपोच."

"मला वाचाय येत न्हाय. मला ऐकाय येतं."

हशा पिकला. शिवप्पा म्हणाले, "एकतीस पानं हायती ती! जेवायची येळ हुईल."

"हू दे. कागदावर 'वाचून' लिवलंय का न्हाय, साहेब?"

साहेबांनी विषयपत्रिकेकडं बघितलं, मग पुस्तकाकडं, मग आबांकडं. "सदस्यांनी मागणी केली तर वाचावं लागतं," ते म्हणाले आणि वही माझ्याकडं सरकवली. "नदाफ मॅडम, वाचा."

आपणच लिहिलेलं वाचायला मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले आणि सुरुवात केली. पहिली दहा पानं सगळे जांभया देत होते. कुणी मोबाईल काढला, कुणी चहा मागवला. बाराव्या पानावर टँकरच्या फेऱ्यांचा ठराव आला तेव्हा त्या गणाच्या सिद्धरामांनी मान वर केली, "मी चार फेऱ्या म्हटलो होतो, तुम्ही दोन लिहिल्यात." मी दुरुस्ती लिहून घेतली. मग सगळेच कान देऊ लागले. ऐनवेळच्या विषयांवर आले आणि शाळेच्या मैदानाच्या ठरावाखालचं नाव वाचलं, 'अनुमोदक : श्री. कुंडलिक', तसे कुंडलिकराव ताडकन उठले.

"ओ बाई! म्या जेवनाच्या सुट्टीतच घरी गेल्तो. म्हस व्यायली हुती. अनुमोदन म्हशीनं दिलं व्हय?"

हॉल हसला, खिडकीतली माणसं हसली. पण हसणं लवकर विरलं, कारण प्रत्येक जण आपली कॉपी उलगडून आपलं नाव शोधायला लागला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं न खाल्लेल्यांनाही खवखवत होतं. आबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

"पुढं वाचा," केराबाई उभीच होती. सव्वा तास ती खाली बसली नव्हती.

"ठराव क्रमांक एकतीस," मी वाचलं. "मेटकरवाडी येथील पशुवैद्यकीय दवाखाना मौजे पिंपळकोठे येथे स्थलांतरित करण्याची शिफारस जिल्हा परिषदेकडे करण्यास ही सभा मान्यता देत आहे. सूचक, श्री. शिवप्पा. अनुमोदक, सौ. केराबाई बिरप्पा मेटकरी."

"हे म्या बोलले न्हाय," केराबाई म्हणाली. "इचारा सगळ्यास्नी. ह्यो इषयच निगाला न्हवता."

ती एकेकाकडं बघत गेली. सिद्धराम कॉपीत बघत होते, कुंडलिकराव छताकडं. बाकीच्या तिघी बायका सदस्यांनी पदर सावरला. तोंडात मूग धरून आठाचे सात बसले.

आबा शांतपणे म्हणाले, "आक्का, दप्तर सांगतंय तुमी बोलला. म्हैन्यामागचं कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? दप्तर खोटं कसं असंल?"

तेव्हा ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी लिवलंय. तुमीच सांगा."

कारकुनाला सभेत बोलायचा अधिकार नसतो. हे मला इतकं पाठ आहे की क्षणभर मी त्याच नियमाला हाताशी धरून उभी राहिले. साहेब माझ्याकडं बघत होते. "मॅडमनी माहिती द्यावी," ते म्हणाले, आणि तो आडोसाही गेला.

"केराबाई बोलल्या नाहीत," मी म्हटलं. "हा विषय सभेत आलाच नव्हता. सभेनंतर पाच दिवसांनी मी तो लिहिला. आणि त्यांचं नाव घालायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं."

एवढं बोलले आणि खाली बसले.

साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "ठराव क्रमांक एकतीस इतिवृत्तातून वगळण्यात येत आहे."

खिडकीत कुजबुज झाली. पण आबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते हसले. "वगळा की. चुकलं तर दुरुस्त व्हायलाच पायजे. आजच्या विषयात घ्या. रीतसर, सगळ्यांदेखत. झालं समाधान? दवाखाना पिंपळकोठ्याला न्यावा अशी शिफारस. सूचक कोण?"

शिवप्पांनी हात वर केला.

केराबाईचा चेहरा पडला. आठांत आबांची पाच माणसं होती, हे तिलाही मोजता येत होतं. बिरप्पानं खिडकीचा गज धरला.

"अनुमोदक?" आबा म्हणाले.

कुणी हललं नाही. आबांनी कुंडलिकरावांकडं बघितलं. कुंडलिकराव आपली कॉपी बघत होते, मैदानाच्या ठरावावर बोट ठेवून. सिद्धरामांच्या गणात मेंढरांचे चाळीस वाडे, आणि त्यातली दोन माणसं खिडकीतून थेट त्यांच्या हाताकडं बघत होती. सिद्धरामांनी हात बाकाखाली नेला. एका बाईंनी दुसरीकडं बघितलं, दुसरीनं केराबाईकडं.

"अनुमोदक कोण?" आबा पुन्हा म्हणाले. आणि मग काय झालं असेल? कुणाचाच हात दिसेना तसे ते सवयीनं, अगदी सवयीनं, माझ्याकडं वळले. "नदाफबाई, कुणाचं नाव घ्यायचं?"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"माझ्याकडं नाव नाही, आबा," मी म्हटलं. "कुणाचा तरी हात वर यायला पाहिजे."

कोऱ्या पानावर जे दोन मिनिटांत झालं असतं ते भरल्या हॉलमध्ये होईना. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग पुस्तकात बघून म्हणाले, "अनुमोदक नसल्याने ठराव दाखल होत नाही. विषय क्रमांक दोन." सोलापूरला उतारा जाणार नव्हता. दवाखाना जागेवर राहिला.

बाहेर पिवळा फेटा दिसेनासा झाला. नंतर कळलं, बिरप्पा चहाच्या टपरीवरून दोन कप घेऊन आला आणि केराबाई बाहेर येईपर्यंत व्हरांड्यात उभा राहिला, चहा गार झाला तरी.

संध्याकाळी पाच वाजता साहेबांनी बोलावून नोटीस दिली. सभ्यपणे दिली, बसायला सांगून. मी घेतली. चूक माझी होती, नोटीस दुसऱ्याला कशी जाईल? परत टेबलाशी आले तर केराबाई उभी. मला वाटलं आभार मानायला आली असेल. मनातल्या मनात 'अहो त्यात काय' असं म्हणायची तयारीही केली. माणसाचा हावरटपणा बघा.

"एकच इचारायचं हुतं," ती म्हणाली. "आठ जनं हुतो. माजंच नाव का घातलं? म्या बोलत न्हाय म्हनून?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "तुमचं नाव दप्तरात कुठंच नव्हतं, केराक्का. मला वाईट वाटलं. वाटलं, एक तरी ठराव तुमच्या नावावर असावा."

तिनं टेबलावरच्या वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"न्हवतं तर न्हवतं," ती म्हणाली. "रिकामंच ऱ्हाऊ द्यायचं बाई. माजी जागा म्या भरली असती की."

आणि गेली. व्हरांड्यात बिरप्पा गार चहा घेऊन उभा होता. तिनं तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी त्या सभेचं इतिवृत्त लिहायला घेतलं. सगळं लिहिलं. 'सौ. केराबाई मेटकरी यांनी इतिवृत्त वाचण्याची मागणी केली', आणि मेंढरू खांद्यावर मरतं, हेही लिहिलं; पण ते ती सभेत नव्हे, माझ्या टेबलाशी बोलली होती, म्हणून खोडलं. मग पुढची ओळ आली. सत्तावीस वर्षांत त्या वहीत माझं नाव कधी आलं नव्हतं. 'वरिष्ठ सहाय्यक श्रीमती जुलेखा नदाफ यांनी सभागृहास सांगितले की, सदर ठराव त्यांनी सभेनंतर स्वतः लिहिला असून त्यावर सौ. मेटकरी यांचे नाव स्वतःच्या मनाने घातले.' त्याच मोत्यासारख्या अक्षरात. पुढच्या सभेत केराबाई उठून 'वाचा की' म्हणणार, आणि हे मला भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं वाचावं लागणार, हे लिहितानाच कळत होतं.

शेवटी 'ऐनवेळी येणारे विषय' हा मथळा घातला. त्याखाली लिहिलं, 'निरंक', म्हणजे काही नाही. मग पट्टी घेतली आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ ओढली, पेन दाबून, खालच्या दोन पानांवर उमटेल अशी.